यंत्रालाही फेरफाराचा नियम लावा



आधी शेतातली नोंद. मोसंबीचा ताण मोडला, आंबे बहाराचं पहिलं पाणी सोमवारी सोडलं. हरभरा घाट्यात आहे, अळी तुरळक दिसते, फवारणीची गरज अजून वाटत नाही. तूर कापून पडली, मळणी यंत्राचा नंबर लागायचाय. फरदड ठेवली नाही, पऱ्हाटी उपटून टाकली.

आता मुद्द्याचं. दोन महिने झाले हे लिहीन लिहीन म्हणत होतो. चूक माझीच होती म्हणून हात जड होत होता. पण हेच उद्या तुमच्या गावात होऊ शकतं, म्हणून लिहितो.

आमचा ४३ जणांचा गट आहे. मोसंबी एकत्र तोडायची, एकत्र काट्यावर न्यायची, व्यापाऱ्याशी भाव एकदाच बोलायचा आणि आलेला पैसा वजनाप्रमाणं ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायचा. हिशोब माझ्याकडं. अक्षर बरं आहे, दहावी पास आहे, म्हणून गट झाल्यापासून वही माझ्याच हातात.

गणपतीत पुण्याहून पुतण्या आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. माझ्या वह्या बघून म्हणाला, "काका, किती दिवस खरडत बसणार? सगळं संगणकावर टाकू आणि त्याच्यावर एक एजंट बसवून देतो. तुम्ही फक्त बोलायचं."

एजंट म्हणलं की आपल्याला तहसीलसमोर टेबल टाकून बसलेला माणूस आठवतो. मी तसं म्हणलो तर तो हसला. म्हणाला, "काम तेच काका, फक्त खुर्चीवर माणूस नाही."

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सोप्यात सांगतो. आतापर्यंतचा संगणक कसा होता? आपण रकाना उघडायचा, आकडा टाकायचा, बटन दाबायचं. तो मुका. एजंट तसा नाही. त्याला आपल्या भाषेत काम सांगायचं. कोणता रकाना उघडायचा, कोणता आकडा कुठं टाकायचा, कोणाची बेरीज करायची, हे तो स्वतः ठरवतो आणि नोंदी स्वतः भरतो. मी काट्यावरून फोनमध्ये बोलायचो, "अमक्याच्या बागेतून २१ क्रेट, ४ क्विंटल २० किलो," आणि घरी येईपर्यंत त्याच्या नावापुढं वजन, तारीख, गाडी नंबर सगळं बसलेलं. सप्टेंबर, ऑक्टोबर असा सुखात गेला. सप्टेंबरच्या पावसानं बागेत फळगळीचा सडा पडला होता, त्यामुळं तोडणी तुकड्या तुकड्यानं झाली, रोज वेगळा हिशोब. तरी एक दिवस वही उशिरा झाली नाही. खोटं कशाला बोलू, मला लई आवडलं ते.

नोव्हेंबरात पैसे वाटायची वेळ आली. यादी बघितली तर काही जणांची नावं दोन दोन वेळा. कुठं काना जास्त, कुठं आडनाव आधी. मी एजंटला म्हणलो, "दुबार नोंदी एकत्र कर." थोड्या वेळात उत्तर आलं, "७ दुबार नोंदी सापडल्या. एकत्र करू का?" मी गाडीवर होतो. होय दाबलं.

सातातल्या सहा नोंदी खरंच दुबार होत्या. सातवी दुबार नव्हती. ती दोन माणसं होती.

आमच्याकडं दोन भाऊबंद आहेत. दोघांचं नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव तर एकच. आजे वेगळे. गावात एकाला वेशीपाशीचा म्हणतात, दुसऱ्याला मळ्यातला म्हणतात. शेंबड्या पोराला विचारा, तो सांगेल कोण कुठला. यंत्राला कोण सांगणार? एकाचा गट नंबर ११२, दुसऱ्याचा १२१. यंत्राला वाटलं टाकणाऱ्याकडून आकडा उलटा पडला. त्यानं दोन्ही वजनं एका नावावर केली, नवीन असलेला बँक खाते नंबर ठेवला आणि जुनी ओळ पुसून टाकली.

मळ्यातल्याचे ५८,४०० रुपये वेशीपाशीच्या खात्यावर गेले.

ह्या दोघांत बांधावरून आधीच बोलणं बंद आहे. मळ्यातल्याच्या पोरीची नर्सिंगची फी त्याच आठवड्यात भरायची होती. तो माझ्या दारात आला, आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाला, "तात्या, माझं नावच नाही म्हणतेत यादीत." मी फोन उघडून दाखवायला गेलो तर खरंच नव्हतं. जुनी ओळ कुठंच शिल्लक नव्हती. तशी जुनी प्रत ठेवायची सोय पुतण्यानं केली नव्हती आणि मी मागितली नव्हती.

सुटलो कशामुळं? काट्यावरच्या कच्च्या चिठ्ठ्या मी सवयीनं पिशवीत कोंबून ठेवल्या होत्या. रात्रभर बसून त्या लावल्या, वजन जुळवलं, चार जण मध्ये घालून वेशीपाशीच्याकडून पैसे परत घेतले. त्यात ११ दिवस गेले. पोरीची फी तोवर माझ्या खिशातून भरली. पैसे फिटले. पण वेशीपाशीचा म्हणतो, "मला चोर ठरवलं." त्याचंही खरं आहे. त्यानं काही केलं नव्हतं, पैसे आपोआप आले होते.

आता मला दोन प्रकारचे लोक भेटू लागलेत. एक म्हणतात, "म्हणूनच वही बरी, यंत्र फेकून द्या." दुसरे म्हणतात, "तुम्ही होय दाबलं, यंत्राचा काय दोष?" मला दोन्ही पटत नाही. यंत्राचं काम चांगलं होतं आणि होय मीच दाबलं होतं, दोन्ही खरं. पण कोणत्या सात नोंदी, जुनं काय, नवीन काय होणार, हे मला दाखवलंच नव्हतं. नुसता आकडा दाखवून विचारलेल्या होयला अर्थ नाही. अंगठा घ्यायचा आणि कागद वाचू द्यायचा नाही, हे सावकारी काळात होतं.

मग विचार करता करता मला एक गोष्ट आठवली, जी आपल्या सगळ्यांना माहीत आहे पण तिची किंमत आपण करत नाही. फेरफार.

सातबारावर वारसाचं नाव लागायचं असलं, खरेदी झाली असली, तर काय होतं बघा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतो. पण धरली म्हणजे झाली असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० प्रमाणं चावडीवर नोटीस लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवावं लागतं, हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत, गाव नमुना ६अ मध्ये जाते आणि तिची सुनावणी होते. नोंद प्रमाणित कोण करतो? ज्यानं लिहिली तो नाही, मंडळ अधिकारी करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सातबारावरचं जुनं नाव खोडून नष्ट करत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक टाकतात. चाळीस वर्षांनी नातू आला तरी तो क्रमांक धरून मागं मागं जाऊ शकतो. निकाल मान्य नसला तर वर प्रांताकडं अपील आहे.

ह्या पद्धतीला आपण लई शिव्या दिल्यात. वेळ लागतो म्हणून, चिरीमिरी लागते म्हणून. त्या शिव्या खोट्या नाहीत. पण ज्यांनी ही रीत घातली त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: नोंद बदलणं म्हणजे माणसाचा हक्क बदलणं. म्हणून लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, मध्ये नोटीस, मध्ये थांबायचे दिवस, जुनं पुसायचं नाही, प्रत्येक बदलाला नंबर.

माझ्या गटातल्या यंत्राला ह्यातलं एकही लागू नव्हतं. लिहिणारं तेच, मंजूर करून घेणारं तेच, नोटीस नाही, मुदत नाही, जुनं पुसलेलं. माझं म्हणणं एवढंच आहे: शेतकऱ्याच्या नोंदीत यंत्राला हात घालू द्यायचा असेल तर त्यालाही फेरफाराचा नियम लावा.

आता कोणी म्हणेल, तात्याच्या गटातली किरकोळ गोष्ट, तिच्यावरून एवढं काय. तर मोठ्यांकडं काय झालं ते बघा.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या रेप्लिट कंपनीच्या अशाच एजंटनं एका उद्योजकाच्या कामाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात बाराशेच्या वर कंपनी अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. "आता कशालाही हात लावू नको" असं त्याला आधीच बजावलं होतं, तरी पुसला. वर मालकाला सांगितलं की आता हे परत येणार नाही. प्रत्यक्षात जुनी प्रत होती आणि ती परत आणता आली. म्हणजे पुसलं ते पुसलं, आणि उलटं सांगितलं. त्यानंतर कंपनीनं सरावाच्या नोंदी वेगळ्या आणि खऱ्या नोंदी वेगळ्या ठेवायची सोय केली. जे आपण पहिल्यापासून म्हणतो, नवा बैल आधी मोकळ्या रानात शिकवायचा, उभ्या पिकात नाही.

हे झालं परदेशातलं. शेजारच्या तेलंगणाचं बघा, आपल्या नांदेडला लागून. तिथं २०१४ नंतरच्या काही वर्षांत १९ लाखांच्या आसपास रेशनकार्डं रद्द झाली. संगणकानं निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवल्या आणि अपात्र ठरवली. नोटीस न देता कार्डं गेली अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०२२ मध्ये न्यायालयानं रद्द झालेल्या कार्डांची जागेवर जाऊन पुन्हा पडताळणी करा असं सांगितलं. माझ्या गटात एक माणूस यादीतून गेला तर मी रात्रभर झोपलो नाही. तिथं घरंच्या घरं यादीतून गेली, आणि रेशनचं धान्य बंद झालेल्या बाईनं कोणाच्या दारात जायचं? तिची नोंद कोणी कापली हे दाखवायला माणूसच नव्हता.

आपल्याकडं पण जुळवणीचं काम यंत्रच करू लागलंय. पीएम किसानचा हप्ता अडकला की "लँड सीडिंग नो" एवढे तीन शब्द दिसतात. का नो, कोणी केलं नो, कधी केलं, काही नाही. गावोगाव लोक त्या तीन शब्दांमागं तालुक्याला चकरा मारतेत.

आता दुसरी बाजू पण प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर कोणी म्हणेल तात्या जुन्या वळणाचा. माणसांच्या हातात नोंदी होत्या तेव्हा काय दिवे लागले होते? आपल्याच जिल्ह्यात, अंबड आणि घनसावंगी तालुक्यात, अतिवृष्टी आणि गारपिटीच्या अनुदानात बोगस नावं घुसवून पैसे उचलल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. तलाठी निलंबित झाले, गुन्हे नोंदले गेले. एक रुपयात पीक विमा होता तेव्हा केंद्रचालकाला अर्जामागं ४० रुपये मिळायचे. मग राज्यात दुसऱ्याच्या, देवस्थानाच्या, सरकारी जमिनीवर सुद्धा विमे उतरवले गेले. शेवटी २०२५ च्या खरिपापासून ती योजनाच बंद झाली आणि प्रामाणिक शेतकऱ्याला पण खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के भरणं आलं. म्हणजे यंत्र नसताना पण माणसांनी नोंदींची वाट लावलीच.

म्हणून मी यंत्राच्या विरोधात नाही. यंत्र लाच मागत नाही, जात बघत नाही, "उद्या या" म्हणत नाही. पण ते कोणाच्या तरी लॉगिननंच आत जातं. आणि लॉगिन ज्याच्या हातात, त्याची नियत यंत्रात उतरते. माणूस खोट्या नोंदी करायला बसला तर दिवसात किती करेल? हात दुखतो, कोणी बघतं, भीती वाटते. यंत्र एका रात्रीत हजार करेल आणि सकाळी ताजंतवानं असेल.

ह्यात अजून एक धोका मला दिसतो, त्यावर कृषी खात्यातल्या मंडळींनी जरूर विचार करावा. महाडीबीटीवर आधी सोडत निघायची. २०२५-२६ पासून प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य असं झालं. चांगलं आहे, नशिबावर सोडण्यापेक्षा बरं. पण उद्या एखाद्यानं एजंट लावून अर्ज सुरू झाल्या झाल्या पाचशे जणांचे अर्ज भरले तर? ज्याच्या हातात यंत्र त्याचा पहिला नंबर, आणि जो ठिबकसाठी रेंज शोधत गच्चीवर उभा आहे त्याचा शेवटचा. ही कल्पना हवेतली नाही. रेल्वेच्या तत्काळ तिकिटात हेच होत होतं. तिकिटं मिनिटात संपायची. शेवटी जुलै २०२५ पासून तत्काळला आधारची अट आली आणि पहिली ३० मिनिटं एजंटांना बंदी झाली. तिकीट गेलं तर माणूस दुसऱ्या गाडीनं जातो. ठिबक गेलं तर हंगाम जातो. आपल्या पोर्टलवर हे होण्याआधीच बंदोबस्त केलेला बरा.

मग यंत्राला काय करू द्यायचं आणि काय नाही? माझ्या बुद्धीप्रमाणं सांगतो. वाचणं आणि लिहिणं ह्यात फरक करा.

वाचायची कामं यंत्राला मोकळी सोडा. केंद्र सरकारचा किसान ई-मित्र सप्टेंबर २०२३ पासून आहे, पीएम किसानबद्दल मराठीत विचारलं तरी सांगतो. राज्याचं महाविस्तार ॲप मे २०२५ मध्ये आलं, त्यात हवामान, बाजारभाव, पिकाचा सल्ला मिळतो. ही सगळी सांगायची कामं. चुकलं तर आपण दुसऱ्याला विचारू, बदनापूरच्या संशोधन केंद्रात विचारू, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारू. नोंदीचं काही बिघडत नाही. उलट मला तर वाटतं यंत्रानं अजून वाचावं. माझा सातबारा, आठ अ आणि फार्मर आयडीतलं क्षेत्र जुळतं का ते तपासून सांगावं. पीक पाहणीची मुदत संपायला चार दिवस राहिले की आठवण द्यावी. अर्ज भरून तयार करावा, कच्चा, आणि माझ्यापुढं ठेवावा.

लिहायची कामं मात्र फेरफाराच्या रितीनं. त्यात पाच गोष्टी पाहिजेत.

पहिली, यंत्रानं लिहावं, मंजूर माणसानं करावं, आणि त्या माणसाचं नाव नोंदीवर राहावं. "सिस्टीमनं केलं" हे उत्तर चालणार नाही. सिस्टीम सुनावणीला येत नाही.

दुसरी, मंजुरी मागताना जुनं आणि नवीन शेजारी शेजारी दाखवावं. गट ११२ असा होता, आता १२१ मध्ये जाणार, हे दिसलं असतं तर मी गाडी बाजूला लावली असती.

तिसरी, ज्याची नोंद बदलणार त्याला आधी कळवावं, मराठीत, कारणासकट. आणि फोन नसलेल्यासाठी चावडीवर यादी लावावी.

चौथी, थांबायची मुदत. ह्यावर लोक म्हणतात, सगळ्याला पंधरा दिवस थांबलो तर यंत्राचा उपयोग काय? बरोबर आहे. मोसंबीच्या क्रेटला पंधरा दिवस नकोत. काम बघून मुदत ठेवा. ई-पीक पाहणीत हे आधीपासून आहे. ती १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली, आणि २०२२ च्या सुधारणेत शेतकऱ्यानं केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करायची सोय दिली, वर किमान १० टक्के नोंदी तलाठ्यानं तपासायच्या असं ठरलं. किती छान रीत आहे ही. शेतकऱ्यावर विश्वास पण, तपासणी पण, आणि चूक सुधारायला वेळ पण. जिथं नाव, क्षेत्र, बँक खातं किंवा पात्रता बदलते तिथं जास्त मुदत ठेवा, बाकीच्याला दोन दिवस पुरेत.

पाचवी, पुसायचं नाही, कंस करायचा. प्रत्येक बदलाला नंबर, आणि तो नंबर दाखवून दाद मागायला वर एक जिवंत माणूस.

राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, २०२५ ते २०२९ साठी, ५०० कोटींची तरतूद सांगितली. फार्मर आयडी एप्रिल २०२५ पासून योजनांना सक्तीचा झाला. ११ अंकी एक नंबर आणि त्याच्याखाली आपली जमीन, पीक, खातं सगळं जोडलेलं. ह्याचा फायदा पण दिसला, सप्टेंबरच्या अतिवृष्टीच्या अनुदानात आयडी असलेल्यांना ई-केवायसीच्या रांगेतून सूट दिली. पण सगळं एका नंबराखाली आलं म्हणजे एका चुकीत सगळं जाऊ शकतं, हे पण लक्षात घ्या. त्या ५०० कोटींत एजंट बनवणाऱ्यांना पैसे मिळतील, मिळू द्या. मात्र त्या एजंटला कोणत्या रकान्यात हात घालायची परवानगी आहे आणि कोणत्या नाही, हे कागदावर लिहून गावात लावा. सालगडी ठेवताना आपण पाडव्याला सगळं बोलून घेतो: बैल तुझ्याकडं, पाणी तुझ्याकडं, बाजाराचे पैसे मालकाकडं. न बोलता कोणी गडी ठेवत नाही.

आता आपल्या लोकांना दोन शब्द, रागावू नका. आपण ओटीपी वाटतो जसा तंबाखू वाटावा. केंद्रावाल्यानं मागितला दिला, बी-बियाणंवाल्यानं मागितला दिला, फोनवर कोणी गोड बोललं दिला. हा ओटीपी आपला अंगठा आहे. उद्या केंद्रावर माणसाच्या जागी यंत्र असेल आणि ते पण ओटीपी मागेल. देण्याआधी विचारा, कशाला पाहिजे, काय लिहिणार आहेस, दाखव. अर्ज गेला की पोचपावतीचा फोटो काढून ठेवा. आणि वर्षातून दोनदा, खरीप पेरणीआधी आणि दिवाळीनंतर, आपला सातबारा काढून वाचा. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून ऑनलाइन मिळतोय, १५ रुपये लागतेत. चहाला त्याच्यापेक्षा जास्त जातेत.

आणि कच्च्या चिठ्ठ्या फेकू नका.

आमच्या गटाचं काय झालं ते सांगून थांबतो. एजंट आम्ही काढला नाही. बैठक घेतली, माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली. पुतण्यानं पुण्याहून बसून बदल करून दिले. आता ते वजनं टाकतं, पण कोणाचं नाव, गट नंबर किंवा खातं बदलायचं म्हणलं तर आधी कच्ची नोंद धरतं, जुनं-नवं दाखवतं, ज्याची नोंद त्याला निरोप जातो. दोन दिवस हरकत आली नाही तर मंजूर करायचं. मंजूर मी करत नाही. गटातल्या एका बाईकडं ते काम दिलं, तिला गावातलं नातंगोतं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जुनी ओळ राहते, नुसता कंस पडतो. पोरं त्याला आता फेरफारच म्हणतेत.

वेशीपाशीचा आणि मळ्यातला अजून बोलत नाहीत. मी दोघांच्या घरी जाऊन आलो, दोघांनी चहा पाजला, विषय मात्र काढू दिला नाही. पैशाचा हिशोब चिठ्ठ्यांवरून लागला. ह्याला वेळ लागेल.

तुमच्या गटात, सोसायटीत, दूध केंद्रावर कोणी असं यंत्र बसवलं असेल तर कसं चाललंय ते लिहा. कृषी अधिकारी, शास्त्रज्ञ मंडळी वाचत असतील तर त्यांनी माझं कुठं चुकलं ते सांगावं, दुरुस्त करीन. जुनं पुसणार नाही, खाली लिहीन.

उद्या हरभऱ्यात पक्षी थांबे लावायचेत. राम राम.